टपाली मतदान : कोणाचे, कसे आणि कोठे फसते?



लोकसभेचा किंवा विधानसभेचा निकाल ज्या दिवशी लागतो त्या दिवशी सकाळी आठला बातम्यांत पहिले वाक्य येते, "टपाली मतांची मोजणी सुरू झाली आहे." आपल्या गट कार्यालयाच्या ओट्यावर त्या दिवशी हमखास चर्चा रंगते. एक जण विचारतो, "ही टपालाची मतं असतात तरी कुणाची?" दुसरा म्हणतो, "साहेब लोकांची असणार." तिसरा डोळा मिचकावून सांगतो, "कमी पडली की पेटीत घालायला ठेवतात ती." हसून विषय संपतो. पण ज्याचा पोरगा सीमेवर आहे किंवा ज्याची नव्वदीची आई खाटेवर आहे, त्याला हसून चालत नाही. त्याच्या घरचे मत याच टपालातून जायचे असते, आणि नीट माहिती नसल्यामुळे ते बऱ्याच वेळा जातच नाही, किंवा गेले तरी बाद होते. म्हणून या शब्दाचा अर्थ आणि त्यामागचा व्यवहार येथे जरा सविस्तर देत आहोत.

शब्दाचा अर्थ

इंग्रजीतल्या 'पोस्टल बॅलट'ला आपण मराठीत 'टपाली मतपत्रिका' म्हणतो. हिंदी बातम्यांत 'डाक मतपत्र' असा शब्द ऐकू येतो, तोही हाच. सरळ अर्थ असा की, मतदार मतदान केंद्रावर न येता कागदी मतपत्रिकेवर खूण करतो आणि ती पाकिटात बंद करून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पाठवतो.

पण आज या नावाने जेवढी मते मोजली जातात ती सगळी पोस्टमनच्या पिशवीतून आलेली नसतात. फौजेतल्या जवानाचे मत खरोखरच टपालाने येते. निवडणुकीच्या कामावर असलेला शिक्षक आपले मत सुविधा केंद्रावरच्या पेटीत टाकतो. अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचे मत घ्यायला तर अधिकारी स्वतः तिच्या घरी येतात. या तिघांच्या मताला टपाली मतच म्हणतात. म्हणजे आता 'टपाली' या शब्दाचा अर्थ 'पोस्टाने आलेले' एवढाच राहिलेला नाही. केंद्रावरच्या यंत्राचे बटण न दाबता, कागदावर खूण करून, प्रतिज्ञापत्रासह पाकिटातून दिलेले मत ते टपाली मत, असे समजावे. या व्याख्येतला 'प्रतिज्ञापत्र' हा शब्द ध्यानात ठेवावा. गाडी अडते ती तिथेच.

हे मत कोणाला मिळते?

ज्याला मागाल त्याला टपाली मत मिळत नाही. निवडणूक संचालन नियम १९६१ मध्ये त्याची यादी ठरलेली आहे. आपल्याशी संबंध येतो तो मुख्यतः पुढील लोकांचा.

१. सेवा मतदार. यात भूदल, नौदल व हवाईदल, सीमा सुरक्षा दल, केंद्रीय राखीव पोलीस दल यांच्यासारखी केंद्रीय दले, राज्याबाहेर नेमणुकीवर असलेले राज्याचे सशस्त्र पोलीस आणि परदेशात नेमलेले भारत सरकारचे कर्मचारी येतात.

२. निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी.

३. ८५ वर्षांवरील मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असलेले मतदार.

४. आयोगाने त्या त्या निवडणुकीसाठी जाहीर केलेल्या अत्यावश्यक सेवांतले, मतदानाच्या दिवशी कामावर असणारे लोक.

५. प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेले मतदार. मात्र शिक्षा भोगत असलेल्या किंवा खटल्यासाठी तुरुंगात असलेल्या कैद्याला मत देता येत नाही.

'साहेब लोकांची मते' या बोलण्यात थोडे तथ्य आहे. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री अशा जाहीर पदांवरच्या व्यक्तींना 'विशेष मतदार' म्हणून ही सोय आहे. पण ती माणसे बोटावर मोजण्याइतकी. टपालाच्या गठ्ठ्यात खरी भर असते ती जवानांची, शिक्षकांची आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची, म्हणजे आपल्याच घरांतली.

फौजेतल्या मुलाचे मत

आपल्या कार्यक्षेत्रात असे गाव क्वचितच असेल, की जिथला एकही मुलगा फौजेत नाही. आईवडिलांना वाटते, गावच्या यादीत त्याचे नाव आहे म्हणजे झाले. पण सेवा मतदाराची नोंद वेगळी असते. त्याने आपल्या युनिटमार्फत ठरलेल्या नमुन्यात अर्ज द्यायचा असतो. मग मूळ गावच्या मतदारसंघाच्या यादीत सेवा मतदारांसाठी जो शेवटचा भाग असतो त्यात त्याचे नाव लागते. पत्नी त्याच्याबरोबर राहत असेल तर तिचेही नाव तेथेच लागू शकते. पूर्वी कायद्यात 'पत्नी' असाच शब्द होता. त्यामुळे फौजेतल्या बाईच्या नवऱ्याला ही सवलत मिळत नसे. २०२१ च्या दुरुस्तीने हा भेद गेला. मुलगा किंवा मुलगी सज्ञान झाली तरी त्यांना मात्र ही सोय नाही.

येथे एक खबरदारी घ्यावी. जवानाचे नाव सेवा यादीत आणि गावच्या साध्या यादीत अशा दोन्ही ठिकाणी असता कामा नये. तसेच नेमणुकीच्या गावी साधा मतदार म्हणून नाव लावले असेल तर सेवा मतदार म्हणून येथे लावता येत नाही. एकाच गटाच्या उसाची नोंद दोन कारखान्यांकडे केल्यावर जो घोळ होतो तोच येथे होतो.

पूर्वी मतपत्रिका इकडून टपालाने जायची आणि तिकडून टपालानेच यायची. उमेदवारी मागे घेण्याची मुदत संपल्यावर मतपत्रिका छापणार, मग ती लडाखला किंवा अरुणाचलला पोचणार, आणि मोजणीच्या आत परत येणार! पुष्कळदा पाकीट येईपर्यंत निकाल लागून गुलालही धुतलेला असे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नियम बदलला. आता मतपत्रिका इलेक्ट्रॉनिक मार्गाने जवानाकडे जाते. तो ती सांकेतिक क्रमांकाने उघडतो, छापून घेतो, खूण करतो आणि टपालाने परत पाठवतो. जाण्याचा वेळ वाचला, येण्याचा मात्र राहिलाच. परतीच्या पाकिटाला तिकीट लावावे लागत नाही. पण मोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेआधी ते पोचलेच पाहिजे. आठ वाजून पाच मिनिटांनी आलेले पाकीट उघडतही नाहीत. म्हणून फोनवर मुलाला विचारायचे ते "मत दिलंस का?" एवढेच विचारू नये. "पाकीट कधी टाकलंस?" हेही विचारावे.

जवानाला आणखी एक वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक आहे. २००३ सालापासून सशस्त्र दलांतला सेवा मतदार आपल्या वतीने मत देण्यासाठी गावातला माणूस नेमू शकतो. अशा मतदाराला 'वर्गीकृत सेवा मतदार' म्हणतात आणि नेमलेल्या माणसाला 'प्रॉक्सी', म्हणजे मुखत्यार. हा मुखत्यार त्याच मतदारसंघात राहणारा आणि सज्ञान असावा लागतो. तो केंद्रावर जाऊन यंत्रावरच मत देतो. त्याच्या डाव्या हाताच्या तर्जनीला शाई न लावता मधल्या बोटाला लावतात, कारण तर्जनी त्याच्या स्वतःच्या मतासाठी मोकळी राहिली पाहिजे. बापाच्या दोन बोटांना शाई दिसली तर घोटाळा समजू नये. एक मत त्याचे आणि एक पोराचे. मुखत्यार नेमला की टपाली मतपत्रिका मिळत नाही. दोन्हींपैकी एकच.

घरातली वडीलधारी माणसे

घरून मतदानाची सोय ऑक्टोबर २०१९ च्या नियमदुरुस्तीने आली. तेव्हा वयाची अट ८० वर्षांवरील अशी होती. मार्च २०२४ मध्ये ती ८५ वर्षांवरील अशी केली. ज्यांचे वय ८१-८२ आहे त्यांनी "मागल्या वेळी शेजारची आजी घरून करत होती" यावर जाऊ नये.

यासाठी 'बारा-डी' नावाचा नमुना भरावा लागतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत तो द्यावा लागतो. ही मुदत फार तोकडी आहे आणि येथेच बहुतेकांची संधी हुकते. प्रचाराची गाडी गावात फिरू लागते तेव्हा आपल्याला निवडणुकीची जाग येते, आणि तोवर पाच दिवस उलटलेले असतात. आपल्या भागाचा मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ, कोण आहे हे आधीच माहीत करून घ्यावे. बहुतेक गावांत शाळेचे गुरुजी किंवा अंगणवाडीच्या बाईच ते काम पाहतात. नमुना तेच आणून देतात.

अर्ज मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी दोन मतदान अधिकारी, बंदोबस्ताचा पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक घरी येते. उमेदवाराचा प्रतिनिधीही हजर राहू शकतो. चित्रीकरण कामकाजाचे असते. खूण कोठे केली हे कोणी पाहायचे नाही. दिसत नसेल किंवा हात थरथरत असेल तर घरातल्या सज्ञान माणसाची मदत घेता येते. पण मदत म्हणजे म्हातारीच्या सांगण्याप्रमाणे खूण करणे, आपल्या मनाप्रमाणे नव्हे. सुनेने आणि लेकाने हे मनात धरावे.

पथक आले त्या वेळी मतदार घरी नसेल तर ते आणखी एकदा येते. दुसऱ्यांदाही गाठ पडली नाही तर मत गेले. नंतर केंद्रावर जाऊनही देता येत नाही, कारण यादीत नावापुढे टपाली मतपत्रिकेची खूण झालेली असते. म्हणून ज्या आजोबांना उचलून का होईना पण केंद्रावर जायची हौस आहे, त्यांनी बारा-डी भरूच नये. सोय ऐच्छिक आहे, सक्तीची नाही.

गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी

आपल्या सभासदांच्या घरांत नोकरदारही आहेत. निवडणुकीची नेमणूक स्वतःच्याच मतदारसंघात असेल तर त्यांना निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते. ते दाखवून ज्या केंद्रावर काम आहे तेथेच यंत्रावर मत देता येते. हे टपाली मत नव्हे. नेमणूक दुसऱ्या मतदारसंघात असेल तर मात्र टपाली मतपत्रिका घ्यावी लागते. पूर्वी ती घरी नेऊन मोजणीपर्यंत केव्हाही पाठवता येत असे. ऑगस्ट २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती सुविधा केंद्रावरच घ्यायची, तेथेच खूण करायची आणि तेथेच द्यायची असा नियम आहे. खिशात मतपत्रिका घेऊन फिरणे, कोणाला दाखवणे, कोणी मागणे हे त्यामुळे थांबले.

पाकीट चुकले की मत गेले

आता मुख्य मुद्दा. टपाली मतात तीन गोष्टी असतात : खूण केलेली मतपत्रिका, प्रतिज्ञापत्र आणि दोन पाकिटे. मतपत्रिका लहान पाकिटात घालून ते बंद करायचे. हे लहान पाकीट आणि सही केलेले प्रतिज्ञापत्र, दोन्ही मिळून मोठ्या पाकिटात घालायचे. प्रतिज्ञापत्रावर मतदाराची सही आणि ती आपल्यासमोर झाली अशी नियमाने ठरलेल्या अधिकाऱ्याची साक्षांकनाची सही, अशा दोन्ही लागतात.

मोजणीच्या टेबलावर आधी मोठे पाकीट उघडतात. त्यात प्रतिज्ञापत्र नसेल, त्यावर सही किंवा साक्षांकन नसेल, किंवा त्यावरचा मतपत्रिकेचा क्रमांक आणि लहान पाकिटावरचा क्रमांक जुळत नसेल, तर लहान पाकीट उघडतच नाहीत. आत कोणाला मत आहे हा प्रश्नच येत नाही. आपल्या काट्यावर हेच घडते ना? ट्रॉली आली, ऊस चांगला भरीचा, पाचट साफ, पण सोबत तोडणी चिठ्ठी नाही. काटाबाबू ऊस पाहत नाही, चिठ्ठी मागतो. चिठ्ठीच नसेल तर वजन टाकायचे कोणाच्या खात्यावर?

नवशिके लोक हमखास करतात ती चूक म्हणजे प्रतिज्ञापत्र मतपत्रिकेबरोबर लहान पाकिटात घालणे. अधिकाऱ्याला मोठ्या पाकिटात ते दिसत नाही, आणि लहान पाकीट उघडायचे तर आधी तेच हवे. झाले, मत बाद! आमच्या ओळखीच्या एका सभासदाचा मुलगा सुट्टीवर आला तेव्हा पाकिटांची गोष्ट निघाली. तो म्हणाला, "मी सगळं एकाच पाकिटात घालून चांगलं डिंकानं चिकटवून दिलं की!" बाप गप्प बसला. मुलाने दोन हजार किलोमीटरवरून मत पाठवले होते, आणि ते बाद झाले असणार हे त्या दोघांना त्या दिवशी कळले.

लहान पाकीट उघडल्यावरही मत बाद होण्याची कारणे आहेतच. एकाहून जास्त उमेदवारांपुढे खूण, खूणच नाही, खूण नक्की कोणापुढे ते कळत नाही, मतपत्रिका ओळखू येणार नाही इतकी फाटलेली, किंवा मतदाराची ओळख पटेल अशी सही अथवा नाव मतपत्रिकेवर लिहिलेले. खूण बरोबरची असो वा फुलीची, त्याला हरकत नाही, हेतू स्पष्ट हवा. आणि सही करायची ती प्रतिज्ञापत्रावर, मतपत्रिकेवर कधीही नाही.

एक मताचा आणि ४८ मतांचा हिशेब

"चार-दोन टपाली मतांनी काय होतंय?" असे म्हणणाऱ्यांसाठी एक ताजे उदाहरण देतो. ४ जून २०२४ रोजी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाची मोजणी झाली. यंत्रांवरच्या मतांत एका उमेदवाराला ४,५१,०९५ आणि दुसऱ्याला ४,५१,०९४ मते होती. नऊ लाखांवर मते मोजून फरक एका मताचा! मग टपाली मते मिळवली. पहिल्याला १,५०१ आणि दुसऱ्याला १,५५०. जो एका मताने मागे होता तो ४८ मतांनी निवडून आला. बाद झालेल्या टपाली मतपत्रिका १११ होत्या, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. असे असेल तर बाद मतपत्रिका पुन्हा तपासाव्यात असा आयोगाचा नियम आहे. त्याप्रमाणे त्या तपासल्या, निकाल तोच राहिला.

पक्ष कोणता हा येथे प्रश्न नाही. एकशे अकरा माणसांनी खूण करून मत दिले आणि ते धरले गेले नाही, हे आपण पाहायचे.

टपाली मते 'शेवटी घालतात' हा समजही चुकीचा आहे. नियमाप्रमाणे त्यांची मोजणी आधी सुरू होते आणि अर्ध्या तासाने यंत्रांची. ती लांबली की शंका निघतात, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आदेश काढला, की टपाली मतांची मोजणी पुरी झाल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी सुरू करू नये.

ज्यांना ही सोय नाही

आपल्या फडात तोडणी करणारी टोळी बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येते. विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, म्हणजे ऐन हंगामाच्या तोंडावर. ऊसतोड कामगाराचे नाव त्याच्या गावच्या यादीत, कोयता आपल्या फडात, आणि टपाली मत त्याला नाही. गावी जाऊन यायचे तर दोन-तीन दिवसांची मजुरी बुडते, शिवाय गाडीभाडे. देशातल्या स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदान यंत्राची कल्पना आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मांडली होती, पण ती प्रत्यक्षात आली नाही. तेव्हा मतदानाच्या आदल्या दिवशी टोळीला मोकळे करणे, मुकादमाने गाडीची सोय करणे, एवढे तरी आपल्या हातात आहे. तोड एक दिवस उशिरा झाली म्हणून फड पळून जात नाही.

नोकरीसाठी दुबईला किंवा अमेरिकेला असलेल्या आपल्या मुलांनाही टपाली मत नाही. भारतीय नागरिकत्व कायम असेल तर ते येथल्या यादीत नाव लावू शकतात, पण मत द्यायला मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावे लागते.

आपल्या कारखान्याचे मतदान

शेवटी घरचा विषय. काही सभासद विचारतात, की लोकसभेला मुलाचे मत टपालाने जाते, मग कारखान्याच्या निवडणुकीला का नाही? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २७ मध्ये लिहिले आहे, की सभासदाला एकच मत, आणि ते त्याने जातीने द्यायचे, मुखत्यारामार्फत नाही. संस्था सभासद आपला प्रतिनिधी ठरावाने पाठवते तो वेगळा भाग, कारण संस्थेला स्वतःचे पाय नसतात. पण शेअर वडिलांच्या नावावर असेल तर मत वडिलांनीच येऊन द्यायचे. मुलगा ओळखपत्र घेऊन आला म्हणून चालत नाही.

ज्यांच्याकडे कंपन्यांचे शेअर आहेत त्यांना कंपनीकडून 'पोस्टल बॅलट'ची सूचना येते. ती पद्धत कंपनी कायद्यातली आहे. तेथे जितके शेअर तितकी मते. सहकारात एक शेअर असो वा वीस, मत एकच. दोन्हीकडे शब्द सारखा म्हणून दोन्हींची गल्लत करू नये.

एवढे करा

१. घरात फौजी असेल तर त्याचे नाव सेवा मतदारांच्या भागात आहे का, हे निवडणूक नसतानाच तपासा.

२. घरात ८५ वर्षांवरील किंवा अपंग माणूस असेल तर प्रमाणपत्राची प्रत आणि बीएलओचा फोन हाताशी ठेवा. अधिसूचनेनंतर पाचच दिवस असतात.

३. मतपत्रिका लहान पाकिटात, लहान पाकीट आणि प्रतिज्ञापत्र मोठ्या पाकिटात. हे वाक्य मुलाला फोनवर दोनदा सांगा.

४. टपाली मत घेतले की केंद्रावर मत नाही. आधी काय ते ठरवा.

५. कारखान्याच्या मतदानाला मात्र स्वतः या.

गुऱ्हाळापासून कारखान्यापर्यंत आपण आलो ते एकेका सभासदाचे मत धरून. ते मत बाद होऊ देऊ नका, पेटीतले असो की पाकिटातले.